इशारा दिला; पुढे काय?

इथिओपियाच्या ईशान्य कोपऱ्यात अफार नावाचा वैराण प्रदेश आहे. तेथील हायली गुब्बी हा ज्वालामुखी २३ नोव्हेंबर २०२५ रोजी अकस्मात फुटला. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत तो फुटल्याची नोंद नव्हती. त्याची राख सुमारे चौदा किलोमीटर उंच चढली, तांबडा समुद्र ओलांडून येमेन व ओमानवरून पूर्वेकडे सरकली आणि दुसऱ्या दिवशी रात्री थेट दिल्लीच्या आकाशात येऊन पोचली. आपल्याकडील विमान कंपन्यांनी काही उड्डाणे रद्द केली, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांसाठी सूचना काढल्या, आणि यथावकाश ती राख चीनच्या दिशेने निघून गेली. फ्रान्समधील तुलूझ येथील केंद्र राखेचा ढग कोठे व किती उंचीवर आहे हे सर्व काळ कळवीत होते. विमानांपुरते पाहिले तर या प्रकरणात कोणी कसूर केली असे म्हणता येणार नाही.

परंतु त्या डोंगराच्या आसमंतात अफदेरा नावाचे एक गाव आहे, आणि त्याच्या भोवताली गुरे-शेळ्या पाळून राहणारी माणसे आहेत. त्यांच्या घरांवर राख पडली, चरावयाची राने राखेखाली गेली. डोंगर जागा झाल्याचे त्यांना कळले ते बॉम्ब पडावा तशा आवाजाने. मनुष्यहानी झाल्याचे वृत्त आले नाही ही दैवाची कृपा. चौदा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या उतारूस त्या डोंगराचा इशारा मिळतो आणि पायथ्याशी शेळ्या राखणाऱ्या मुलास तो मिळत नाही, ही गोष्ट मात्र आमच्या मते दोन दिवसांच्या बातमीत संपण्यासारखी नाही.

वरच्या उतारूस तो कसा मिळू लागला ते आधी सांगितले पाहिजे. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो विमान, लंडनहून निघून मुंबईस थांबा घेऊन पुढे गेलेले, जावा बेटावरून जात असता गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. विमानात २६३ माणसे होती. खाली घसरत राखेबाहेर आल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि विमान जाकार्त्यास कसेबसे उतरले. १९८९ च्या डिसेंबरात अलास्कात रीडाउट ज्वालामुखीच्या राखेने दुसऱ्या एका जंबोची तीच गत केली. त्यानंतर जगाचे आकाश नऊ केंद्रांमध्ये वाटून घेण्यात आले. कोठेही राख उडाली की त्या भागाचे केंद्र ती खबर वैमानिकांपर्यंत पोचविते. दोन अपघात हुकले आणि साऱ्या जगाने मिळून व्यवस्था उभारली. ज्यांचे गेले असते ती माणसे बोलू शकणारी होती आणि त्यांच्या मागे बोलू शकणारा पैसा होता. जमिनीवरच्या माणसांचे खरोखरच गेले, हजारोंनी गेले, तरीही त्यांच्यासाठी तशी व्यवस्था आजतागायत पूर्ण झालेली नाही.

ज्वालामुखीचे भाकीत करता येते काय, असा प्रश्न अशा वेळी विचारला जातो. भूकंपाच्या मानाने पाहिले तर पुष्कळ अंशी येते. खोलवरचा तप्त शिलारस वर चढू लागला म्हणजे वाटेतला खडक तडकतो आणि लहान लहान भूकंपांची माळ सुरू होते. शिलारसाला जागा करून देताना डोंगराची पाठ फुगते. आणि गोटी दाबल्याबरोबर सोडावॉटर फसफसून वर यावे, तसे दाब कमी होताच शिलारसात विरघळलेले वायू सुटे होऊन बाहेर पडू लागतात. भूकंपमापक पहिली खूण टिपतो. जमिनीवरील उपकरणे व आकाशातील उपग्रह दुसरी, आणि तीही सेंटिमीटरच्या हिशेबात. गंधकाचा वायू मोजणारी यंत्रे तिसरी. एवढे असूनही डोंगर फुटेल तो दिवस सांगणे क्वचितच साधते. अंगात ताप भरला आहे हे वैद्यास नाडीवरून कळावे, पण रोगी उद्या उठून बसेल की हाताबाहेर जाईल हे कळू नये, अशी ही अवस्था असते. कित्येक डोंगर महिनोन्‌महिने कण्हून कुथून पुन्हा स्वस्थ झोपी जातात. साऱ्या अडचणीचे मूळ येथे आहे, आणि ती अडचण शास्त्रज्ञापेक्षा राज्यकर्त्याची अधिक आहे.

महाराष्ट्राचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच थिजलेला थर आहे. पण तो अग्नी कायमचा विझल्यामुळे आमच्याकडे ज्वालामुखी हा परीक्षेपुरता विषय होऊन राहिला. जागृत, निद्रिस्त आणि मृत असे त्याचे तीन वर्ग मुलांकडून घोकून घेतले जातात. यांतील मधला शब्द मोठा घातक आहे. झोपलेल्यास उठण्याची वेळ ठाऊक असते असे तो शब्द ऐकणारास वाटते, आणि डोंगराची झोप माणसाच्या शंभर पिढ्यांहून लांब असू शकते, हे वर्गात कोणी सांगत नाही.

कोलंबियातील आर्मेरो या गावाची कथा यासाठी मुळापासून सांगण्याजोगी आहे. नेवादो देल रुईस हा पाच हजार मीटरांहून उंच, माथ्यावर बर्फ धारण करणारा ज्वालामुखी. १९८४ च्या नोव्हेंबरपासून तो अस्वस्थ झाला होता. ११ सप्टेंबर १९८५ रोजी वाफेचा मोठा स्फोट होऊन चिखलाचा एक लोंढा दरीतून सत्तावीस किलोमीटर वाहत गेला. अशा लोंढ्यास शास्त्रात लाहार या जावानीज नावाने ओळखतात. ओल्या काँक्रीटसारखा जड, आणि वेगाने मात्र पुराच्या पाण्यासारखा. ७ ऑक्टोबर रोजी शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा पुढे ठेवला. त्यात लोंढ्याच्या वाटेवर आर्मेरो स्पष्ट दाखविलेले होते. नकाशा अकारण घबराट पसरवितो अशी त्यावर टीका झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात राजधानीत बंडखोरांनी न्यायमंदिराचा कब्जा घेतला, त्यात रक्तपात झाला आणि सरकारचे सारे लक्ष तिकडे वेधले गेले. एका बाजूस पेटलेली राजधानी, दुसऱ्या बाजूस धुमसणारा डोंगर. त्यांपैकी एकच दिसतो, अशी राज्यकर्त्यांची दृष्टी बहुधा असते.

१३ नोव्हेंबर १९८५ रोजी दुपारी तीनच्या सुमारास डोंगराने राख उडविली. पाच वाजता ती आर्मेरोवर पडू लागली. रेडिओवरून आणि चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून लोकांना शांत राहण्यास सांगण्यात आले. संध्याकाळी सातच्या सुमारास रेड क्रॉसने गाव सोडण्याची सूचना दिली, पण थोड्याच वेळात राख पडावयाची थांबली आणि ती सूचना मागे पडली. रात्री वादळ झाले, वीज गेली, ढगांमुळे डोंगर दिसेना. नऊ वाजून आठ मिनिटांनी खरा उद्रेक झाला. तो काही फार मोठा नव्हता; माथ्यावरच्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्साच त्याने वितळविला. तेवढे पाणी दरीतली माती आणि धोंडे गिळत, फुगत, खाली धावले आणि साडेअकराच्या सुमारास आर्मेरोवर आले. गावात सुमारे २९ हजार माणसे होती. वीस हजारांहून अधिक त्या रात्री मेली. इतर गावांतील मृत धरून आकडा तेवीस हजारांवर गेला. चिखलात गळ्यापर्यंत अडकलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र त्या वेळी जगभर छापले गेले. तिला बाहेर काढण्यास लागणारी साधने तीन दिवसांत तेथे पोचू शकली नाहीत.

उद्रेकापासून लोंढा पोचेपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ होता, आणि उंच जमीन चालत गाठण्याइतकी जवळ होती, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे त्या तेवीस हजारांच्या मृत्यूस निसर्गाचा प्रकोप हे नाव देण्यास लेखणी कचरते. शास्त्र चुकले नव्हते. नकाशा बरोबर होता. किंबहुना १८४५ सालीही अशाच लोंढ्याने त्याच जागी सुमारे हजार माणसे गाडली होती आणि आर्मेरो त्याच थिजलेल्या गाळावर वसले होते. पुढे ज्यांनी या घटनेचा बारकाईने अभ्यास केला त्यांचा निष्कर्ष असा की, लोकांना लवकर हलवावे आणि मग काहीच घडू नये, या नाचक्कीची व खर्चाची जबाबदारी घेण्यास कोणी अधिकारी तयार नव्हता. प्रत्येकजण आणखी थोड्या खात्रीची वाट पाहत होता. ती खात्री रात्री साडेअकरा वाजता गावात शिरली.

आर्मेरोनंतर अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्याने १९८६ मध्ये एक फिरते पथक उभे केले. कोणत्याही देशाने बोलाविले की यंत्रे घेऊन जावयाचे, आणि निर्णय मात्र त्या देशाच्या शास्त्रज्ञांच्या हाती ठेवावयाचा, अशी त्याची रीत. पाच वर्षांतच त्याची कसोटी लागली. फिलिपाईन्समधील लुझॉन बेटावरचा पिनातुबो सुमारे पाचशे वर्षे स्तब्ध होता. त्याच्या उतारांवर आएता जमातीचे हजारो लोक राहत, आणि जवळच अमेरिकेचा क्लार्क हा प्रचंड विमानतळ होता. २ एप्रिल १९९१ रोजी डोंगरातून वाफेचे स्फोट झाले. ही बातमी सरकारी ज्वालामुखी संस्थेस दिली ती त्या भागात काम करणाऱ्या एका मिशनरी भगिनीने, आएता लोकांना बरोबर घेऊन. संस्थेचे प्रमुख रायमुंडो पुनोंगबायन यांनी त्या बातमीस किंमत दिली. आमच्याकडे डोंगरावरून आलेल्या आदिवासींच्या तक्रारीस कोणत्या टेबलावर किती दिवस वाट पाहावी लागली असती, हे वाचकांनीच मनाशी ठरवावे!

मग दहा आठवड्यांची शर्यत सुरू झाली. घाईघाईने भूकंपमापक बसविण्यात आले. जुन्या राखेचे थर खणून पूर्वीचे उद्रेक किती दूर पोचले होते ते पाहिले आणि त्यावरून नकाशा तयार केला. १३ मे रोजी डोंगरातून दिवसाला पाचशे टन गंधकाचा वायू बाहेर पडत होता. २८ मे रोजी तो पाच हजार टनांवर गेला आणि मग एकाएकी घटला. अडाण्यास वाटावे की संकट टळले. शास्त्रज्ञांनी ओळखले की वायूची वाट बुजली असून आत दाब साठतो आहे. इशाऱ्याच्या पाच पायऱ्या ठरविण्यात आल्या आणि प्रत्येक पायरीचा अर्थ काळाच्या भाषेत सांगितला गेला: ही पायरी आली म्हणजे दोन आठवड्यांत उद्रेक संभवतो, ही आली म्हणजे चोवीस तासांत. अधिकाऱ्यांना तरीही हे सारे अतिरंजित वाटत होते. तेव्हा मोरिस व कातिया क्राफ्त या फ्रेंच दांपत्याने तयार केलेली चित्रफीत त्यांना दाखविण्यात आली. आर्मेरोसारखा अनर्थ पुन्हा होऊ नये, गावच्या मुखत्यारासही लाहार म्हणजे काय हे डोळ्यांनी कळावे, यासाठीच ती केलेली होती. ती पाहून बऱ्याच अविश्वासू माणसांची मने पालटली. जपानमध्ये उंझेन पर्वताच्या उतारावर चित्रण करीत असता ३ जून १९९१ रोजी ते दोघेही तप्त वायूच्या लोटात सापडून मरण पावले. त्यांची चित्रफीत त्याच सुमारास लुझॉनमध्ये माणसे वाचविण्याचे काम करीत होती.

स्थलांतराचे वर्तुळ दहा किलोमीटरवरून वीसवर, वीसवरून तीसवर आणि अखेर चाळीसवर नेण्यात आले. १० जून रोजी क्लार्क तळावरील सुमारे साडेचौदा हजार माणसे हलली. १२ जूनला मोठे स्फोट सुरू झाले. १५ जून रोजी विसाव्या शतकातील दुसऱ्या क्रमांकाचा उद्रेक झाला, आणि त्याच दिवशी त्या बेटावरून चक्रीवादळ गेले. पावसाने भिजलेल्या राखेच्या भाराने छपरे कोसळून सुमारे तीनशे माणसे दगावली. या इशाऱ्याने किमान पाच हजार प्राण आणि पंचवीस कोटी डॉलरची मालमत्ता वाचली, असा शास्त्रज्ञांनी केलेला हिशेब आहे. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु पुढच्या महिन्यांत छावण्यांमधून गोवरादी रोगांनी शेकडो माणसे मेली आणि त्यांत आएता मुलेच अधिक होती. ज्यांनी पहिली वर्दी दिली त्यांच्याच वाट्यास हे यावे, यातला अन्याय आकड्यांच्या यशात झाकू नये. माणसास डोंगराखालून हलविले म्हणजे शासनाचे काम संपते, असे मानणे हा अर्धवट कारभार होय.

आता दुसरी बाजू. फ्रान्सच्या ताब्यातील ग्वादलूप बेटावर १९७६ साली ला सूफ्रिएर हा ज्वालामुखी गुरगुरू लागला. ज्वालामुखीशास्त्रातील प्रसिद्ध पुरुष हारून ताझिएफ यांनी धोका नाही असे सांगितले. दुसऱ्या पक्षाने, ज्यात क्लोद अलेग्र प्रमुख होते, आहे असे सांगितले. सरकारने सत्तर हजारांहून अधिक लोकांना हलविले आणि कित्येक महिने दूर ठेवले. मोठा उद्रेक झालाच नाही. शेती आणि व्यापार यांची वाताहत झाली, शास्त्रज्ञ वर्तमानपत्रांतून एकमेकांची उणीदुणी काढू लागले, आणि ताझिएफ यांना आपल्या पदावरून जावे लागले. लांडगा आला रे आला या गोष्टीतील मुलाचीच ही कथा, असे पुष्कळांनी म्हटले. आणि नऊ वर्षांनी कोलंबियात जे अधिकारी हातावर हात ठेवून बसले त्यांच्यापुढे अशीच उदाहरणे होती. आम्हांस ती उपमा मान्य नाही. त्या गोष्टीतला मुलगा लांडगा नसताना ओरडला. ग्वादलूपात लांडगा कुंपणापाशी खरोखरच उभा होता, तो आत आला नाही इतकेच.

पापुआ न्यू गिनीतील राबाउल शहराचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. १९८३ ते १९८५ या काळात तेथील जमीन उचलली जाऊ लागली, भूकंपांची संख्या वाढली, इशारा दिला गेला. सरकारने रस्ते ठरविले, लोकांकडून स्थलांतराच्या तालमी करून घेतल्या. डोंगर शांत झाला आणि सारे फुकट गेले असे वाटले. नऊ-दहा वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, जेमतेम सव्वा दिवसाच्या भूकंपांनंतर शहराच्या दोन बाजूंचे दोन ज्वालामुखी एकदम फुटले. राखेखाली शहर गाडले गेले. परंतु हजारो लोक त्यापूर्वीच, बरेचसे तर आज्ञेची वाट न पाहता, बाहेर पडले होते. मृतांची संख्या पाच. १९३७ साली तेथेच पाचशेच्या घरात माणसे मेली होती. त्या दहा वर्षांपूर्वीच्या ‘वाया गेलेल्या’ इशाऱ्याचे मोल १९९४ साली वसूल झाले. आगीचा बंब ठेवणाऱ्या नगरपालिकेस वर्षभर आग लागली नाही म्हणून कोणी उधळपट्टीचा दोष देत नाही. ज्वालामुखीच्या बाबतीतही तीच दृष्टी ठेवावयाची असेल तर वाया गेलेल्या इशाऱ्याचा खर्च सरकारने आपल्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवला पाहिजे, आणि घरदार सोडून गेलेल्या शेतकऱ्याच्या बुडालेल्या पिकाची भरपाई त्यातून केली पाहिजे. ती केली नाही तर दुसऱ्या इशाऱ्याला तो हलणार नाही, आणि त्यास दोष देण्याचा अधिकार कोणास राहणार नाही.

इशाऱ्यातील शब्दांचाही विचार झाला पाहिजे. जपानमधील ओंताके हा यात्रेकरूंचा व गिरिभ्रमण करणारांचा आवडता पर्वत. तेथे यंत्रे होती, वेधशाळा होती, पाच पायऱ्यांची पद्धत होती. १० व ११ सप्टेंबर २०१४ रोजी लहान भूकंप एकदम वाढले. हवामान खात्याने ती माहिती प्रसृत केली, परंतु पायरी पहिलीच ठेवली. त्या पहिल्या पायरीचे अधिकृत वर्णन ‘नेहमीप्रमाणे’ अशा अर्थाचे होते. २७ सप्टेंबरला, शनिवारी, पानांचे रंग पाहण्यास शेकडो लोक माथ्यावर जमले असता भर दुपारी वाफेचा स्फोट झाला आणि बेपत्ता धरून त्रेसष्ट माणसे गेली. नंतर तो शब्द बदलण्यात आला. हा जागृत ज्वालामुखी आहे याचे भान ठेवावे, अशा अर्थाची योजना करण्यात आली. वाफेचे स्फोट शिलारस वर न येताही होतात, म्हणून त्यांचा सुगावा लागणे कठीण असते हे खरे. पण ज्या पर्वताच्या पोटात विस्तव आहे त्याच्या दारावर ‘नेहमीप्रमाणे’ अशी पाटी लावणे हा शास्त्राचा नव्हे, भाषेचा प्रमाद होता. सरकारी भाषा लिहिणारांनी, तिच्या आधारे कोणी आपल्या मुलास खांद्यावर घेऊन डोंगर चढणार आहे, हे ध्यानात ठेवूनच लिहावी.

आणि भाषेच्याही पलीकडे श्रद्धा आहे. जावातील मेरापी पर्वताचे परंपरागत राखणदार म्बाह मारिजान यांनी २००६ साली सरकारी आज्ञा मोडून आपले गाव सोडले नाही. त्या खेपेस ते वाचले आणि देशभर त्यांची कीर्ती झाली. २६ ऑक्टोबर २०१० च्या उद्रेकात ते पुन्हा जागेवरच राहिले आणि त्यांच्यासह काही मंडळी मृत्यू पावली. पुढे ५ नोव्हेंबरच्या आरंभी शास्त्रज्ञांनी धोक्याचे वर्तुळ वीस किलोमीटरपर्यंत वाढविले, लक्षावधी माणसे हलली आणि दहा हजारांहून अधिक प्राण वाचले असा अंदाज आहे. या वृद्धास वेडा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु आपल्या देवतेच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसास, दोनदा आलेल्या आणि दोनदा बदललेल्या सरकारी अधिकाऱ्याचे म्हणणे पटत नसेल, तर त्याच्याशी दहा वर्षे आधीपासून बोलत राहणे हाच मार्ग उरतो. आणि त्यास यंत्राइतका खर्चही येत नाही.

यंत्रांचा खर्चही वाटतो तेवढा नसतो, तरी तो टाळला जातो. कांगोतील गोमा हे लाखो वस्तीचे शहर न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या कुशीत आहे. तेथील वेधशाळेस मिळणारी जागतिक बँकेची मदत २०२० साली संपली. इंटरनेटचे पैसे भरावयास नव्हते म्हणून भूकंपमापकांच्या नोंदी कित्येक महिने येईनाशा झाल्या. २२ मे २०२१ च्या संध्याकाळी लाव्हा शहराच्या वेशीपर्यंत आला. इशारा असा नव्हताच. तीसहून अधिक माणसे त्या दुर्घटनेत गेली. जगात सुमारे साडेतेराशे ज्वालामुखी फुटण्याची शक्यता असलेले आहेत आणि त्यांपैकी निम्म्यांवरही पुरेशी देखरेख नाही. उपग्रहांमुळे ही उणीव थोडीफार भरून निघते, पण उपग्रह गावात जाऊन दवंडी पिटत नाही.

आमच्या देशाचा या प्रश्नाशी अगदीच संबंध नाही असे नव्हे. अंदमानातील बॅरन बेट हा आपला एकमेव जागृत ज्वालामुखी. दीडशेहून अधिक वर्षे गप्प राहून तो १९९१ साली फुटला आणि तेव्हापासून अधूनमधून फुटतच आहे. २०२५ च्या सप्टेंबरातही त्याने धूर आणि लाव्हा ओकला. बेट निर्मनुष्य असल्याने त्याची चिंता कोणी करीत नाही. परंतु २२ डिसेंबर २०१८ रोजी अनाक क्राकाताउ या ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात ढासळली आणि त्यातून उठलेल्या लाटांनी जावा-सुमात्राच्या किनाऱ्यांवर चारशेहून अधिक लोक मारले. मोठा भूकंप झाला तरच वाजणारी इंडोनेशियाची घंटा त्या रात्री वाजलीच नाही. २००४ च्या प्रलयानंतर हैदराबाद येथे उभारलेले आपले त्सुनामी केंद्र उत्तम काम करते. समुद्रातल्या पहाडाची कड भूकंपावाचून ढासळली तर अंदमानच्या किनाऱ्यावरील माणसास किती मिनिटे मिळतील, याचे उत्तर त्या केंद्राने लोकांपुढे ठेवावे, एवढी अपेक्षा करणे गैर होणार नाही.

या विषयातील सर्वांत अवघड परीक्षा आज इटलीत चालू आहे. नेपल्सच्या पश्चिमेस काम्पी फ्लेग्रेई हे ज्वालामुखीचे विस्तीर्ण कुंड आहे. त्याचा शेवटचा उद्रेक १५३८ साली झाला. आज त्याच्या अतिधोक्याच्या क्षेत्रात सुमारे पाच लाख माणसे राहतात. १९८३-८४ मध्ये तेथील पोत्सुओली गावाची जमीन जवळजवळ दोन मीटर उचलली गेली, सुमारे चाळीस हजार लोकांना हलविले आणि काहीच झाले नाही. २००५ पासून जमीन पुन्हा वर येऊ लागली. २०१२ च्या डिसेंबरात इशारा हिरव्यावरून पिवळ्यावर आणण्यात आला, आणि २०२५ साली मार्च व जून महिन्यांत तेथे ४.६ तीव्रतेचे धक्के बसले. सरकारची योजना बहात्तर तासांची आहे: बारा तास तयारीचे, अठ्ठेचाळीस तास निघण्याचे आणि बारा तास हाताशी राखलेले. कोणत्या वस्तीने इटलीच्या कोणत्या प्रांतात जावयाचे हेही आधीच ठरविलेले आहे. कागदावर याहून नेटकी योजना आम्ही पाहिलेली नाही.

पण याच देशात लाक्विला शहरी २००९ च्या भूकंपात तीनशेवर माणसे मेल्यानंतर, लोकांना अवाजवी धीर दिला म्हणून सहा शास्त्रज्ञ व एक अधिकारी यांना २०१२ साली सहा वर्षांच्या शिक्षा ठोठावण्यात आल्या होत्या; दोन वर्षांनी शास्त्रज्ञ निर्दोष सुटले आणि अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. भिऊ नका म्हटले तर तुरुंग, आणि पळा म्हटले व काही घडले नाही तर पाच लाखांचा शाप. व्हेसुव्हियस वेधशाळा ही जगातील सर्वांत जुनी ज्वालामुखी वेधशाळा, १८४१ ची. तिच्या पडद्यांवर पोत्सुओलीचा प्रत्येक हादरा अहोरात्र उमटत असतो. त्या बहात्तर तासांतला पहिला तास कोणत्या दिवशी मोजावयास घ्यावयाचा, हे मात्र तिच्यातील कोणतेही यंत्र सांगणार नाही. ते रोममध्ये कोणा एका माणसास आपल्या सहीनिशी सांगावे लागेल.